शेवटचं नाव सायत्राबाईंचं

सायत्राबाईंवर अन्याय झाला तो मागच्या वर्षी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, भंडाऱ्याच्या एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर. पवनीची गाडी अजून लागायची होती. टपरीच्या टीव्हीवर एक मराठी सिनेमा चालू होता आणि त्यात सायत्राबाई वैनगंगेच्या घाटावर बसून परत न आलेल्या मुलासाठी रडत होत्या. लोक हातातला चहा विसरून बघत होते. एक कंडक्टर डोळे पुसत होता. ज्यांच्यामुळे तो डोळे पुसत होता त्या सायत्राबाई त्याच बाकड्यावर, मांडीवर पिशवी घेऊन, त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्यानं डोळे पुसायला रुमाल काढला आणि त्यांना म्हणाला, “बाई, जरा सरका.” त्या सरकल्या.

सिनेमा संपला. पडद्यावर नावं सरकू लागली. सायत्राबाई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि टपरीवाल्याला म्हणाल्या, “थांब बापा. आता माह्यं नाव येते.”

टपरीवाल्यानं रिमोट दाबला. क्रिकेट लागलं.

हा तो अन्याय. जागा-वेळेसकट लिहिला, कारण मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. कोणावर, कुठं, कधी हे पहिल्या ओळीत नाही सांगितलं, तर आमच्याकडे लोक पत्रकाची पुडी करून फुटाणे खातात. सांगितलं तरी खातातच, पण निदान वाचून खातात.

मी पडद्यावर काम करणाऱ्या कलाकारांच्या हक्कसंस्थेची भंडारा जिल्ह्याची कार्यकर्ती. कार्यालय मुंबईत, खुर्च्या मुंबईत, एसी मुंबईत. जिल्ह्यात मी आणि माझी स्कूटी. या अंकाच्या संपादकांनी अनुभव लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अनुभव रिटायर झालेले लोक लिहितात, माझं तर अजून लग्नही व्हायचंय. ते म्हणाले, “तू ज्या वेगानं भांडून राहिलीस, त्या हिशेबानं तुझी पेन्शन केव्हाच सुरू व्हायला पाहिजे होती.” म्हणून लिहिते आहे.

तर त्या दिवशी मी टपरीवरच होते. मी टपरीवाल्याला ऐकवायला सुरुवात केली. कलाकाराचा सन्मान, कष्टाचं मोल, सगळं पाठच आहे मला. दुसऱ्या मुद्द्यावर होते तेवढ्यात मागून पदर... म्हणजे माझी ओढणी ओढली गेली.

“काहून ओरडून राहिली व पोरी? त्याचा काय कसूर? त्याले मॅच पाहा लागते. चहा घे.”

“मावशी, तुमचा सिनेमा लागला, या टपरीनं गिऱ्हाईक बसवलं, त्या चॅनलनं मध्ये साबणाच्या जाहिराती दाखवल्या. तुम्हाला काय मिळालं?”

“आता? तू पाजशीन तो चहा.”

मी पाजला. आणि माझं काम समजावून सांगितलं. तुम्हालाही तेच सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं आम्ही नटांचं काही युनियन-बियुनियन काढून संप करतो. तसं नाही.

सिनेमात काम केलं की कलाकाराला एकदा पैसे मिळतात. आमच्याकडे बऱ्याचदा त्यासोबत शाल आणि नारळही मिळतो, आणि शाल जितकी जाड तितकं पाकीट पातळ. पण सिनेमा तिथं थांबत नाही. तो टीव्हीवर लागतो, मोबाईलवर लागतो, लांबच्या ट्रॅव्हल्समध्ये लागतो. जेव्हा जेव्हा त्यावर कोणी धंदा करतं, तेव्हा तेव्हा कलाकाराचा त्यात वाटा आहे, असं कायदा सांगतो. पण सायत्राबाई पवनीहून निघून एकेका चॅनलच्या दारात कशा जातील? दारावरचा वॉचमनच आत सोडणार नाही. म्हणून सगळ्या कलाकारांनी आपला वसुलीचा हक्क एका संस्थेकडे द्यायचा. संस्थेनं सगळ्यांच्या वतीनं मागायचं, आलेलं ज्याचं त्याला वाटायचं.

“म्हंजे तलावासारखं,” सायत्राबाई म्हणाल्या.

आमच्या जिल्ह्यात जुने तलाव पुष्कळ. तलावाखालच्या धानाच्या बांध्यांना पाणी देण्यासाठी गाव मिळून एक माणूस ठेवतं, त्याला पाणकर म्हणतात. तो दार उघडतो आणि ज्याच्या पाळीनं त्याच्या शेतात पाणी सोडतो. प्रत्येक जण आपापलं फावडं घेऊन तलावावर गेला तर पाणी कमी आणि डोकी जास्त फुटतात.

“हो मावशी, तसंच. मी पाणकर समजा.”

“मंग पाणकराले त धान द्या लागते.”

म्हटलं, हो, संस्थाही आलेल्या पैशातून थोडा खर्च कापून घेते. लपवायचं कशाला? त्या हसल्या. “पह्यलेच सांगतलं, हे बरं केलं. नाई त पाणकर बांध फोडून घेतेत.”

हे इतकं सरळ समजणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. त्याच आठवड्यात मोहाडीकडचे दसरथभाऊ मला सभासद होण्यासाठी आडवे आले होते. म्हटलं, तुमचं काम कोणतं? म्हणाले, “माह्यं नाई. माह्या बैलाचं. नवरदेवाच्या बंडीले तोच जुपला होता. सिनेमात नवरदेव पाच मिनिटं, बैल आठ.” मी म्हटलं, कायद्यात माणसं येतात, बैल नाही. ते म्हणाले, “मंग कायदा कोन्या शहरवाल्यानं केला अशीन.” अजूनही भेटले की विचारतात, सुधारणा झाली काय म्हणून. बैल मात्र काही विचारत नाही, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक कलाकारांपेक्षा त्याला जास्त वेळा शाल मिळाली आहे. पोळ्याला दरवर्षी मिळते.

तर सायत्राबाईंना सभासद करायचं म्हणजे आधी त्यांचं नाव सिनेमात बघायचं. कायद्यात एक बारीक काटा आहे. ज्याचं काम जाता-जाता, ओझरतं असेल आणि ज्याचं नाव सिनेमाच्या नावांत येत नसेल, तो कलाकार धरला जात नाही. गर्दीतल्या माणसाचं ठीक आहे. पण सायत्राबाई ओझरत्या? अर्धा सिनेमा त्यांच्या खांद्यावर होता. मी बाकड्यावरच मोबाईलमध्ये तो सिनेमा काढला आणि शेवटची नावं लावली.

नायक. नायिका. खलनायक कवडूभाऊ. नायकाचा मित्र. नायिकेची मैत्रीण. सायत्राबाई नाहीत. मग कॅमेरा, गाणी, मेकअप. मग आभार. आभारात ग्रामपंचायत, घाटावरचे डोंगेवाले, मंडप डेकोरेशन, जनरेटर, चहा-नाश्ता. आणि चहा-नाश्त्याच्या खाली, सगळ्यात शेवटी, एकट्या ओळीत: ‘आणि सायत्राबाई’.

माझ्या डोक्यात झिणझिण्या आल्या. “मावशी! कोणी केलं हे? नाव सांगा त्याचं. आज पत्रक छापते.”

“म्याच,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा फुलला. “म्याच सांगतलं डायरेक्टरले. माह्यं नाव आखरीले टाकजो, नाई त काम करत नाई म्हनलं.”

झाडीपट्टीच्या नाटकाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रा, आणि मंडईला नाटक हवंच. त्या दिवशी दुपारी रिक्षावर भोंगा लावून आसपासच्या गावांत कलाकारांची नावं पुकारत फिरतात. या पुकाऱ्यात ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्याचं नाव शेवटी. आधी बाकीची नावं भराभर, मग पुकारणारा थांबतो, रिक्षाही थांबते, आणि मग: “आणि... सायत्राबाई!” ज्यांच्यासाठी रिक्षा थांबते ते मोठे कलाकार. सायत्राबाईंच्या नावासाठी रिक्षा वर्षानुवर्षं थांबत आली आहे. त्यांनी तोच मान सिनेमात मागितला. आणि डायरेक्टरनं, बिचाऱ्यानं म्हणू की लबाडानं, तो दिला. अगदी शेवटी. चहा-नाश्त्याच्याही खाली.

मी चिडायची तयारी करून बसले होते आणि चिडायला माणूसच सापडेना. पत्रकवाल्यांची याहून मोठी गैरसोय नाही.

मुंबईला फोन केला. तिकडचे साहेब सज्जन आहेत, पण बोलतात लिफ्टमधल्या आवाजासारखं. “नाव आभारात आहे, म्हणजे कलाकार म्हणून नोंद नाही. निर्मात्याचं पत्र आणा. नाहीतर त्याच सिनेमातल्या, आपल्या सभासद असलेल्या कलाकाराची लेखी साक्ष.” म्हटलं, सर, तुम्ही सिनेमा बघा ना. बाई रडते आहे. म्हणाले, “रडण्याची नोंद होत नाही.”

निर्माते भंडाऱ्याचेच. पितळी भांड्यांचं दुकान आहे, हौसेनं सिनेमे काढतात. नाव लिहीत नाही. भंडाऱ्यात पितळी भांड्यांची दुकानं पुष्कळ आहेत, तुम्ही ओळखू नका. आम्ही दोघी गेलो. त्यांनी गादीवरून उठून सायत्राबाईंच्या पाया पडून घेतलं.

“या आई! पोरा, आईले चहा सांग. ताई, तुमीबी बसा.”

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, कलाकार म्हणून यांचं नाव आहे असं पत्र द्या.

“अवो ताई, आई त घरची हाये. घरच्याले कोनी पत्र देते का?”

“घरच्याला कोणी जनरेटरच्या खाली बसवतं का?”

ते हसले. माझ्यावर रागावणं त्यांच्या स्वभावात नाही, त्यामुळे फार अडचण होते. “आईनंच आखरीची जागा मागतली. आता वर घ्या म्हनाल, त उद्या चहावाला येईन, मलेबी वर घ्या म्हनून. आन् खरं सांगू? एकीले लिहून देल्लं त समद्यांले द्या लागते. मंग चॅनलवाले मले इचारतीन, हे कलाकार-बिलाकार कोठून काढले? पुढचा सिनेमा घेतीन काय माह्या?”

“तेवढं खरं बोललात, आभारी आहे,” मी म्हटलं.

निघताना त्यांनी सायत्राबाईंना एक लखलखीत पितळी गडवा, म्हणजे तांब्या, दिला. त्यांनी घेतला. रस्त्यावर आल्यावर मी फणकारले, “मावशी, तो कशाला घेतला?”

“गडव्यानं काय केलं तुयं? चांगला जड हाये.”

उरली साक्ष. साक्ष द्यायला योग्य माणूस एकच, कवडूभाऊ. घाटावरच्या प्रसंगात तेच समोर होते; सायत्राबाईंच्या मुलाला त्यांनीच तर नदीत ढकललं होतं. पडद्यावर कवडूभाऊ आले की लहान पोरं आईच्या मागं लपतात. घरी ते गाईला ‘बाई’ म्हणतात आणि पोपटाला घाबरतात. मी त्यांच्या बांधावर गेले तर हातातला विळा खाली ठेवून म्हणाले, “मॅडम, तुमी लय गरम बोलता. मले भेव वाटते.”

म्हटलं, भाऊ, आधी तुम्ही सभासद व्हा, मग त्यांच्यासाठी साक्ष द्या. तुमचाही वाटा आहे यात.

“दुकानवाले पुढच्या सिनेमात घेतीन काय मंग?”

यावर मी खोटं बोलले नाही. म्हटलं, माहीत नाही.

त्यांनी धानाची एक लोंबी तळहातावर चोळली. मग म्हणाले, “आन् दुसरी गोठ सांगू? रागावू नोका. इतके साल झाले, पुकाऱ्यात माह्यं नाव सायत्राबाईच्या पह्यले. पुकारनारा माह्यं नाव घेतच नाई, गिळते. तिच्या नावासाठी दम घ्या लागते नं त्याले! ‘कवडू’ म्हनाच्या जागी हवा घेते. आखरीची जागा तिनं मागतली, आता आखरीलेच राहा म्हना.”

मी अर्धवट हसत, अर्धवट संतापत परत आले आणि सायत्राबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं सांगता-सांगता वाटत होतं. त्या गडवा घासत होत्या. थांबल्या.

“हवा घेते म्हने?”

“असं म्हणाले.”

“आपल्या नावाच्या पह्यलचं कोनाले आयकू येते व,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा गडवा घासायला लागल्या. मी मनात साक्षीवर पाणी सोडलं.

चार-सहा दिवसांनी बपेऱ्याला मंडई होती. मध्य प्रदेशची हद्द जवळ, त्यामुळे तिकडचेही लोक येतात. अर्धी मंडई हिंदीत भाव करते. रात्रीच्या नाटकात सायत्राबाई आणि कवडूभाऊ दोघेही होते. मी दुपारीच पोचले, उगाच, शेवटचा प्रयत्न म्हणून. कवडूभाऊ एका हॉटेलात आलूबोंडा खात बसले होते. मी समोर बसले. पत्रकाची भाषा मी त्या दिवशी काढली नाही. आलूबोंड्याबद्दल बोललो.

तेवढ्यात रस्त्यावरून पुकाऱ्याची रिक्षा आली. भोंग्यातून आवाज आला तो नेहमीच्या माणसाचा नव्हता. बाईचा होता.

“आयका हो आयका! आज रातच्या नाटकात हसवाले येऊन राहिला फलाना, नाचाले येऊन राहिली फलानी, मायच्या कामात सायत्राबाई...”

मायच्या कामात सायत्राबाई! मध्येच! भराभर! घरांच्या दारात उभ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रिक्षा आमच्या हॉटेलासमोर येऊन थांबली. भोंगा गप्प झाला. इतका वेळ गप्प राहिला की हॉटेलवाल्यानं कढईतला झारा वर धरला. आणि मग, नाटकात मुलाला हाक मारतात त्या आवाजात:

“आन्... कवडूभाऊ!”

कवडूभाऊंच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. रिक्षात सायत्राबाई माईक घेऊन सरळ समोर बघत बसल्या होत्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रिक्षा पुढं गेली.

“बाई इसरली वाटते,” कवडूभाऊ म्हणाले.

“नाही भाऊ.”

“मंग पुकारनाऱ्याचा घसा बसला अशीन, म्हनून हे बसली.”

“पुकारणारा मागं बसून शेंगा खात होता. मी पाहिलं.”

रिक्षा गावाला वळसा घालून पुन्हा आली. पुन्हा तीच नावं, पुन्हा मायच्या कामात सायत्राबाई घाईघाईत, पुन्हा आमच्यासमोरच थांबणं. “आन्... कवडूभाऊ!” या वेळी कोपऱ्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कवडूभाऊंनी धोतराला हात पुसले.

“आना तो तुमचा कागद, मॅडम. दोन्ही आना. माह्या सभासदाचाबी आन् तिच्या साक्षीचाबी.”

सही करताना विचारलं, “तुमच्या संस्थेत माह्यं नाव कोन्या नंबरले राहीन?” म्हटलं, अक्षरांप्रमाणे असतं. ‘क’ म्हणजे अगदी सुरुवातीला. ते जरा हिरमुसले. मी नंतर मनात हिशेब केला, तर ‘सायत्रा’च्या पुढच्या अक्षराचा सभासद जिल्ह्यात अजून कोणी नाही. तेवढ्यापुरतं सायत्राबाईंचं नाव आपोआप शेवटी. कोणी हिरामण सभासद व्हायला आला, तर करीन. पण बाईंना सांगायची घाई करणार नाही.

मुंबईनं साक्ष मान्य केली. सायत्राबाई कलाकार आहेत, असं आता कागदोपत्री ठरलं. त्या रडत होत्या हेही बहुधा ठरलं असावं. सिनेमातली नावं मात्र बदलली नाहीत. मी विचारलं होतं, मावशी, कलाकारांत वर घ्यायला लावू का? म्हणाल्या, “वाटा वरचा घेतो. नाव आखरीलेच राहू दे.”

या उन्हाळ्यात पहिला वाटा आला. कोणाचं घर बांधून होईल असा नव्हता. संस्था नवी आहे, अजून बरीच चॅनलं आमचे फोन उचलत नाहीत. पण सायत्राबाई त्या पैशातून तिकीट काढून भंडाऱ्याला आल्या आणि मला घेऊन त्याच टपरीवर गेल्या. मोबाईलवर सिनेमाचा शेवट लावून टपरीवाल्यासमोर धरायला लावला. नावं सरकत गेली. जनरेटर गेला. चहा-नाश्ता गेला. ‘आणि सायत्राबाई’ आलं. टपरीवाल्यानं नाव वाचलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं.

“तुमीच व, आजी? तुमी त माह्या इथंच बसता!”

“हाव. आन् तू मॅच लावते.”

त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मी तेही चूक आहे असं सांगणार होते, पण ओढणी आधीच ओढली गेली होती.

इथंच थांबलं असतं तर मी हे हसत संपवलं असतं. पण दुकानवाल्या साहेबांच्या नव्या सिनेमाचं शूटिंग सध्या सुरू आहे. आईचं काम सायत्राबाईंनाच आहे, कारण त्यांच्यासारखं दुसरं कोणी रडत नाही. खलनायक मात्र नागपूरहून आणला आहे. कवडूभाऊंनी मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, “तुमी सांगतलं होतं नं, माहीत नाई म्हनून.” सायत्राबाईंना शूटिंगवर माईक मिळत नाही, नाहीतर मला खात्री आहे, त्यांनी तिथंही रिक्षा थांबवली असती.

म्हणून आता तुम्हाला सांगते, हा अंक हातात घेऊन बसलेल्या तुम्हाला. सिनेमा संपला की शेवटचं नाव जाईपर्यंत रिमोटला हात लावू नका. आणि या दिवाळीत भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचा गडवा घ्यायला जाल, तेव्हा भाव करायच्या आधी, गादीवर जो कोणी बसला असेल त्याच्या डोळ्यांत बघून विचारा, “नव्या सिनेमात कवडूभाऊ काहून नाहीत?” दुकान चुकलं तरी चालेल. प्रत्येक दुकानात विचारा.